श्रद्धास्थान क्रमांक तीन

सरकारने पन्नास वर्षं नोंगकुआ गावाला सांगितलं की भुतंखेतं नसतात, सगळा अडाणीपणा आहे. मग एका मंगळवारी त्याच सरकारचा माणूस चिनी कंपनीच्या पांढऱ्या गाडीतून उतरला, मीठतळ्याच्या काठी चिंचेच्या सावलीत त्याने टेबल मांडलं, छापील कागद पसरला आणि विचारलं, "तुमच्या गावात एकूण किती आहेत?"

इनपेंग गावाचा पो-बान होता. पो-बान म्हणजे गावाचा बाप. फरक इतकाच की हा बाप गावच मतं देऊन निवडायचं. ऐकायचं मात्र त्याचं कुणी नाही, तेवढं खऱ्या बापासारखंच. चौदा वर्षं हे काम केल्यावर त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. साहेब कर सोडून दुसरं काहीही मोजायला आला, तर कमी सांगण्यात फायदा नसतो. गावालाही ते कळलं होतं. मोजणी होणार अशी कुजबुज महिन्यापूर्वी झाली, तेव्हापासून भरपाईच्या आशेने कंपनीने घ्यायच्या शेतांत केळीचे इतके खुंट उभे राहिले होते की बैलाला वळायला जागा उरली नव्हती.

दोन देशांनी हात मिळवले होते. राजधानीतल्या वर्तमानपत्रात फोटोही आला होता, मागे फुलं आणि पुढे फायली. नोंगकुआच्या जमिनीखाली मीठ, मिठाखाली पोटॅश. चीनच्या शेतांना खत म्हणून ते हवं होतं. बदल्यात गावाला रस्ता, विजेचे खांब, तीस जणांना काम. इनपेंगला यात काही वावगं वाटलं नव्हतं. नकाशा पाहीपर्यंत तरी नाही. नकाशावर विहिरींचे लाल ठिपके होते आणि सातवा ठिपका बरोबर मीठतळ्याच्या काठावर पडला होता.

त्या तळ्यावर बावीस काहिली चालत. उन्हाळ्याचे तीन महिने गावातल्या बायका खारी माती खरवडून आणत, तिचं पाणी गाळत आणि काहिलीत आटवून मीठ काढत. त्यांच्या आज्याही तेच करत आल्या होत्या. सातव्या ठिपक्यावर भोक पडलं की खारं पाणी तिकडे जाणार, हे समजायला इंजिनियर लागत नव्हता. इनपेंग तीनदा जिल्ह्याला जाऊन आला. जिल्ह्याच्या साहेबाने तिन्ही वेळा तेच सांगितलं, "तळं कुणाच्या नावावर नाही. मग हरकत कोण घेणार?"

आणि आता हा कागद. त्यात एक रकाना होता, श्रद्धास्थाने. नियम असा की अशा जागेभोवती शंभर पावलांत खोदायचं नाही आणि तिथल्या राखणदाराच्या शांतीसाठी कंपनीने एक रेडा द्यायचा.

"दोन," सीफान भगताने सांगितलं. सीफान गावाच्या राखणदारांना नैवेद्य देणारा म्हातारा. "एक उत्तरेच्या राईतला आजोबा, एक ओढ्याच्या वळणावरचा."

दोन्ही तळ्यापासून कोसभर लांब.

"तीन," इनपेंग म्हणाला.

भगताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इनपेंगने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तिसरा कुठे?" हे विचारलं मनीवोनने. ती कंपनीची दुभाषी, थाखेकची पोरगी, चार वर्षं चीनमध्ये कुनमिंगला शिकून आलेली. चिनी वाक्य लाओत आणि लाओ वाक्य चिनीत, जसंच्या तसं, पदरचा एक शब्द न घालता, हा तिचा बाणा होता.

"तिसरी. बाई आहे. तुमच्या टेबलाखाली."

मनीवोनने ते जसंच्या तसं सांगितलं. कंपनीच्या फांगसाहेबांचे दोन्ही बूट हळूच जमिनीवरून उचलले गेले आणि खुर्चीच्या आडव्या दांडीवर जाऊन बसले. इनपेंगला तेव्हाच कळलं की सौदा जमणार.

पण कागद लबाड होता. नुसत्या आकड्यावर भागेना. नाव, वय, मरण कसं आलं, काय आवडतं, सगळ्याला रकाने.

"नाव?" सरकारी माणसाने विचारलं.

इनपेंगने तळ्याकडे पाहिलं. "नांग खिआव. हिरवी बाई."

"हिरवी का?"

"हिरवं सिन नेसते."

"वय?"

"एकोणीस."

"मेली कशी?"

"एका व्यापाऱ्यामागे नदीपलीकडे गेली. परत आली नाही."

"मग आत्मा इथे कसा?"

"तोंडाला चव इथल्या मिठाची. दुसरीकडे कुठे राहणार?"

"आवडतं काय?"

"कोवळी चिंच, मीठ लावून. नैवेद्याला पांढरी कोंबडी."

फांगसाहेबांनी सही केली. गाडी गेल्यावर भगत म्हणाला, "पो-बान, हे कोण बसवलंस रे चिंचेखाली?"

"बावीस काहिलींची मालकीण," इनपेंग हसत म्हणाला. "म्हाताऱ्या, तुला एका रेड्याचा मान वाढवून दिला, आणि वर मलाच विचारतोस?"

हसला खरा, पण घरी जाताना रस्त्यात त्याचं हसणं आटलं. खोटं बोलणाऱ्यालाही माल कुठून तरी आणावा लागतो, आणि इनपेंगच्या घरात तेवढाच माल पडून होता. हिरवं सिन, नदीपलीकडचा व्यापारी, मीठ लावलेली चिंच. एक नाव तेवढं त्याने बदललं होतं. बाकी सगळी त्याची थोरली बहीण बुआखाम होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी एकोणिसाव्या वर्षी गेलेली, पत्र नाही, निरोप नाही. ती मेली असं कुणी सांगितलं नव्हतं. तिचं दिवसपाणी कधी झालं नव्हतं.

एक गोष्ट त्याने कागदावर येऊ दिली नव्हती. तिचा डावा पाय. लहानपणी खेळताना इनपेंगचा धक्का काहिलीला लागला आणि उकळतं पाणी तिच्या पावलावर सांडलं. तेव्हापासून ती तो पाय ओढत चालायची. आईने विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं, "माझ्याच हातून सांडलं."

*

पौषात रेडा आला. चांगला होता, कंपनीने काटकसर केली नाही. भगताने चिंचेखाली खांबावर छोटंसं लाकडी घर उभं केलं, पांढरी कोंबडी वाहिली, भाताची दारू ओतली आणि तीन वेळा हाक दिली, "नांग खिआव, ये, जेव." सगळं गाव जेवलं. मांसाचा वाटा प्रत्येक घरात गेला. इनपेंगने दोन वेळा खिम्याचं लाप वाढून घेतलं. आठवड्याने कंपनीने तीन लिप्यांत पाटी ठोकली: श्रद्धास्थान क्रमांक ३, खोदकामास मनाई. शंभर पावलं मोजून लाल खुंट्या मारल्या. बावीसच्या बावीस काहिली खुंट्यांच्या आत आल्या. सातवी विहीर पूर्वेला सरकली.

बायकांनी इनपेंगचं असं कौतुक केलं की ज्याचं नाव ते. "आमच्या पो-बानच्या डोक्यात मेंदू नाही, तराजू आहे," काहिलीवरच्या एकीने म्हटलं. "आपलं ते पारडं बरोबर खाली." इनपेंगला ते आवडलं.

फेब्रुवारीत, मीठ आटवायच्या दिवसांत, सातव्या विहिरीवरचा एक चिनी कामगार भर दुपारी यंत्र सोडून पळाला. खुंट्यांच्या कडेला बाई उभी होती म्हणे. हिरवं नेसलेली. त्याने हाक मारली तर ती चिंचेकडे चालायला लागली आणि उन्हात विरली. गावाला हसून हसून पुरे झालं. कागदावरची बाई चिन्यांना दिसायला लागली! कंपनीने अर्धा दिवस काम थांबवलं आणि स्वखर्चाने आणखी एक डुक्कर वाहिलं. डुकराचंही गावाने सोनं केलं. नंतर दर आठवड्याला, दुपारीच, कुणाला ना कुणाला ती दिसू लागली. प्रत्येक वेळी भगताला बोलावून ताट ठेवलं जाई, हाक दिली जाई.

इनपेंगची मुलगी मालाय काहिलींचं सगळं पाहायची. तिचा नवरा थायलंडमध्ये कारखान्यात होता आणि ती बापाकडे राहत होती. एका दुपारी ती जेवायला घरी आली आणि चिकटभाताची टोपली उघडून तशीच बसून राहिली.

"काय गं?"

"बाबा, मीही पाहिली आज."

"कुणाला?"

"तुमच्या हिरव्या बाईला. धुराच्या पलीकडे. मला वाटलं आपल्यातलीच कुणी. मग ती चालायला लागली." मालायने भाताचा गोळा केला, खाल्ला नाही. "तिला चालता येत नाही नीट. डावा पाय ओढते."

इनपेंगच्या हातातली पादेकची वाटी चटईवर कलंडली. घरभर मच्छीचा वास पसरला. मालायने फडकं घेतलं, पुसता पुसता म्हणाली, "हे कागदात नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग कुठून आलं?"

मालायला आत्या होती एवढंच माहीत होतं. पायाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा एकच होता आणि तो चटईवरच्या डागाकडे पाहत होता.

तो तडक सीफान भगताकडे गेला. भगत अंगणात बसून कोंबडीची पिसं निवडत होता. इनपेंगने सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. भगताने ऐकून घेतलं आणि पिसांची टोपली बाजूला सारली.

"जिवंत आहे की मेलेली?"

"माहीत नाही."

"मेलेली असेल तर ठीक. उशिरा का होईना, जेवायला मिळालं. पण जिवंत असेल तर..." भगताने स्वतःचं मनगट चोळलं. "माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान, बत्तीस जीव असतात, पो-बान. भित्रे असतात. जिवंत माणसाचं जेवण मेलेल्यासारखं वाढलं, हाक दिली, तर त्यातले काही हाकेला येतात. येतात, जेवतात आणि परतीची वाट विसरतात. तिकडे अंग वाळत जातं. डॉक्टरला काही सापडत नाही."

"मग मी काय केलं?"

"तू एकट्याने नाही. मी हाक दिली. गावाने मांस खाल्लं." भगताने टोपली पुन्हा पुढ्यात ओढली. "पण नाव तुझ्या तोंडून गेलं."

*

मार्चच्या दुसऱ्या रविवारी, दुपारच्या गाडीने, ती आली.

महामार्गावरून तीन किलोमीटर चालत आली होती. दारात पिशवी ठेवली, घामेजलेला चेहरा बाहीने पुसला आणि म्हणाली, "इन्या, माझ्या नावाने रेडा कापलास आणि मला एक तुकडा नाही पाठवलास?"

त्याला इन्या म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. साठ वर्षांची बाई, काठीसारखी वाळलेली, डोळे तेवढे जुने. डावा पाय उंबऱ्यावरून उचलताना तिने हाताने मांडी धरून उचलला.

"तुला कुणी सांगितलं?"

"आपल्या गावातली निम्मी पोरं थायलंडात आहेत. त्यांच्या फोनवर सगळं असतं. पाटीचा फोटो पाहिला मी, त्या कागदाचाही. हिरवं सिन, एकोणीस वर्षं, मीठ लावून चिंच! म्हटलं, मेल्याने नाव तरी बरं ठेवायचं."

मालाय हसायला लागली आणि हसता हसता रडली. बुआखाम जेवली, थोडंच. एकेचाळीस वर्षांचा हिशेब तिने चार वाक्यांत दिला. व्यापारी दुसऱ्या वर्षी पळाला. थायलंडात उदोनच्या दवाखान्यात चादरी धुतल्या. पुन्हा लग्न केलं नाही. मूल नाही.

"पत्र का नाही लिहिलंस?"

"लिहायला काय होतं? 'नवरा पळाला.' दोन शब्दांसाठी तिकीट कोण लावणार?" मग ती गंभीर झाली. "पौषापासून मला झोप नाही, इन्या. दुपार झाली की तोंडाला रक्ताची चव येते, मग चिंचेची. कुणीतरी बोलावतं. परकं नाव घेऊन बोलावतं, पण मलाच. दवाखान्यात तपासण्या केल्या, फुकटात, माझ्याच दवाखान्यात. काही नाही. वजन मात्र उतरतंय. म्हटलं, जिथून हाक येते तिथे तरी जावं."

"याआधी आली होतीस का इकडे? फेब्रुवारीत?"

"आज आले. तिकीट दाखवू?"

मालायने बापाकडे पाहिलं.

भगत आला. त्याने तिचं मनगट दोन बोटांत धरलं, बराच वेळ. "मनगट रिकामं लागतंय," तो म्हणाला. "पडक्या घराचं दार उघडावं तसं."

"उपाय आहे ना?" मालायने विचारलं.

"पांढरा दोरा. पण घरात बसून नाही. ज्याने बोलावलं त्यानेच बांधायचा. चिंचेखाली, भर दुपारी, खऱ्या नावाने. 'ही माझी बहीण बुआखाम. जिवंत आहे. हिचं घर इकडे आहे.' एवढं म्हणायचं आणि गाठ मारायची. गावाच्या देखत."

"गावाच्या देखत कशाला?" इनपेंगने विचारलं.

"ज्यांनी ते मांस खाल्लं त्यांनी ऐकायला नको?"

आणि इथे इनपेंगच्या डोक्यातला तराजू हलला. येत्या गुरुवारी फांगसाहेब आणि जिल्ह्याचा साहेब दुसऱ्या टप्प्याच्या आखणीला येणार होते. खुंट्या कायमच्या करायच्या की उपटायच्या, ते त्या दिवशी ठरणार होतं. राखणदारीण जिवंत असून घरात बसून पपईचं सॅलड खाते आहे, हे चार दिवसांत जिल्ह्याला कळायला वेळ लागणार नव्हता. मग खुंट्या गेल्या, तळं गेलं, आणि खोटा कागद दिला म्हणून पो-बानही गेला.

"गुरुवार जाऊ दे," तो म्हणाला. "शुक्रवारी दुपारी बांधतो. साऱ्या गावाला बोलावून बांधतो. तोवर हट्ट नको, दाराबाहेर पडू नकोस, ताई."

बुआखामने भावाकडे पाहिलं, अगदी उकळतं पाणी सांडलं होतं त्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"एकेचाळीस वर्षं काढली," ती म्हणाली. "चार दिवसांचं काय मोठं."

तिला लपवणं सोपं नव्हतं. तिच्याबरोबर लहानपणी चिंचा पाडलेल्या दोघीतिघी अजून काहिलीवर होत्या. सोमवारी एक आली, मीठ मागायला. मिठाच्या गावात मीठ मागायला! आत डोकावली, बुआखामला पाहिलं, तोंडावर हात ठेवला. बुआखाम म्हणाली, "ये की आत." ती आली नाही. गेली आणि बाकीच्यांना सांगितलं. मंगळवारपासून कुणीच घराकडे फिरकलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. इनपेंग तळ्यावर गेला की बायका काहिलीतला फेस जरा जास्तच मन लावून काढत. बावीस चुली होत्या. प्रत्येकीने आपापली मोजली होती.

बुधवारी बुआखामला ताप आला. इनपेंगने कापसाचा पांढरा दोरा आणला, कापला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मालाय म्हणाली, "बाबा, आजच बांधा."

"उद्याचा एक दिवस."

"आत्या उद्या असेल का?"

"असेल. मी तिला ओळखतो."

*

गुरुवारी उन्हाचा ताव होता. पांढऱ्या गाड्या तीन आल्या. फांगसाहेबांनी अगरबत्ती स्वतः आणली होती, आपल्या देशातून मागवलेली, जाड. जिल्ह्याच्या साहेबाने पांढऱ्या कोंबडीकडे न पाहण्याचा प्रयत्न केला. पक्षाच्या माणसाने असल्या ठिकाणी कुठे पाहायचं, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. बांबूच्या नळ्यांचा खेन वाजवणारा एकजण बसवला होता. ताट मांडलं होतं: कोंबडी, दारू, कोवळ्या चिंचा आणि शेजारी मिठाची पुडी. बायका धुरात उभ्या होत्या, मालायही.

खेन वाजायला लागला. भगताने हाक दिली, "नांग खिआव, ये, जेव." आवाज बारीक होता. दुसरी हाक त्याहून बारीक. तिसरी देण्याआधी तो थांबला, कारण लोक वळून पाहत होते.

गावाच्या बाजूने बुआखाम येत होती. आईच्या पेटीतलं हिरवं सिन तिने नेसलं होतं, कमरेला दोन वेळा गुंडाळून. डावा पाय मिठाच्या मातीवर रेघ ओढत होता. ती कुणाकडे पाहत नव्हती. हाकेकडे चालत होती, झोपेत चालावं तशी. लाल खुंटी ओलांडून ती आत आली, भावापासून सहा पावलांवर थांबली आणि तेव्हा तिला जाग आल्यासारखं झालं. तिने इनपेंगला ओळखलं. हसली. मग उजवा हात पुढे केला, मनगट वर करून.

फांगसाहेब चिनीत काहीतरी बोलले. आवाज फाटला होता.

मनीवोन म्हणाली, "साहेब विचारतात, ही बाई कोण?"

इनपेंगचा हात खिशात होता. बोटांना दोरा लागत होता. त्याला काहिली दिसत होत्या, सगळ्या, धुरासकट. मालायचा चेहरा दिसत होता. जिल्ह्याच्या साहेबाचं उघडं पेन दिसत होतं. आणि ते मनगट, हाडांवर कातडं, उन्हात.

"कोण बाई?" इनपेंग म्हणाला.

मनीवोनने भाषांतर केलं नाही. "पो-बान, ही. तुमच्या समोरची."

"समोर चिंच आहे. मला तर कुणी दिसत नाही."

मनीवोनने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग बायकांकडे वळली. "तुम्हाला?"

मीठ मागायला आलेली म्हणाली, "नाही बाई. आम्हाला काही नाही दिसत."

"ऊन फार आहे," दुसरी म्हणाली.

"धूरसुद्धा," तिसरी.

भगताने जमिनीकडे पाहून सांगितलं, "माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत." मालायने झारा खाली ठेवला. तिने ओठ उघडले, बापाकडे पाहिलं आणि मिटले.

मनीवोनने सगळं जसंच्या तसं चिनीत सांगितलं, एक शब्द न घालता. फांगसाहेबांनी हेल्मेट काढलं. गुडघ्यावर बसले आणि बुआखामला तीन वेळा वाकून नमस्कार केला. कागदावर शंभर पावलं खोडून दीडशे झाली, आणि पुढे शब्द पडला, कायम. जिल्ह्याच्या साहेबाने सही केली.

बुआखाम अजून हात पुढे करून उभी होती. मग तिने तो हळूच खाली घेतला.

"बरं, इन्या," ती म्हणाली.

ती ताटाजवळ बसली. एक चिंच उचलली, मिठात बुडवली आणि खाऊ लागली.

*

गाड्यांची धूळ खाली बसली तेव्हा इनपेंग वळला. दोरा बाहेर काढून त्याने दोन्ही हातांत ताणून धरला होता. शुक्रवार कशाला, आत्ताच. दुपार होती, गाव होतं, जागा तीच होती.

चिंचेखाली ताट होतं. कोंबडी होती. चिंचेची चार टरफलं होती, ताजी, ओली.

"कुठे गेली?" त्याने विचारलं.

बायका आधी त्याच्याकडे पाहत होत्या, मग चिंचेखाली, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अगं, कुठे गेली ती? घरी गेली का? मालाय!"

मालाय पुढे आली. "बाबा, थट्टा करू नका आता. साहेब गेले."

"मी कुठे थट्टा करतोय?"

"ती इथेच बसलीय. तुमच्या पायाशी."

इनपेंगने पायाशी पाहिलं. माती होती, पांढरट, आणि तिच्यावर एक रेघ, ओढल्यासारखी. त्याने भगताकडे पाहिलं. भगताच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं आणि ते डोळे चिंचेखाली एका जागी खिळले होते. त्या म्हाताऱ्या डोळ्यांना ती दिसत होती. साऱ्यांना दिसत होती.

तो गुडघ्यावर बसला. "कुठे? हात कुठे आहे तिचा?"

"थोडं डावीकडे," मालाय म्हणाली. "आणखी थोडं. खाली."

"ही माझी बहीण बुआखाम," तो मोठ्याने म्हणाला. आवाज तळ्यावरून पलीकडे गेला. "जिवंत आहे. हिचं घर इकडे आहे." त्याने हवेत दोरा फिरवला, टोकं एकत्र आणली आणि गाठ मारली. हात सोडले. दोरा गाठीसकट खाली मातीत पडला.

"पुन्हा बांधा," मालाय म्हणाली.

त्याने उचलला, मीठ झटकलं, गाठ सोडवली. पुन्हा म्हटलं. पुन्हा बांधला. पुन्हा पडला. बायकांतली एकजण मागे सरली आणि आपल्या काहिलीकडे गेली. पाणी आटत आलं होतं, वेळेवर हलवलं नाही तर मीठ तळाला धरतं. मग दुसरी गेली. सातव्यांदा की आठव्यांदा गाठ मारताना इनपेंगला दोऱ्याची टोकं सापडेनात.

"मालाय, ती हात पुढे करतेय ना? नीट बघ. हात केलाय का तिने?"

मालायने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मघाशी केला होता, बाबा."